खोटा कांटा

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें आणि हिंदुस्थानांत जागोजागीं उरलेला लष्करी माल विक्रीस निघाला. त्यांत मालमोटारीही होत्या. कॅनडांतील फोर्ड व शेव्हरोलेट कारखान्यांनीं युद्धकाळांत एकाच लष्करी धर्तीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आखूड नाकाच्या या गाड्या हिंदी सैन्यानेंही वापरल्या. लष्कर सोडून गाडी खाजगी मालकाकडे आली कीं तिच्यामागें लष्करी कारागीर किंवा सुट्या भागांचें कोठार येत नसे. मग तिचा भार गांवच्या मिस्त्रीवर पडे.

कोल्हापुरास हा भार पेलण्याची संवय होती. येथेंच बाबूराव पेंटर यांनीं १९१८ च्या सुमारास चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः बनविला व १९२० सालीं ‘सैरंध्री’ चित्रपट पडद्यावर आणला. उद्यमनगरांत म्हादबा मेस्त्रींचें नांव आजही आदरानें घेतलें जातें. उघडून पाहावें, कारण समजून घ्यावें आणि मगच हत्यार उचलावें, ही या कारागिरांची रीत.

या रीतीची कसोटी चालकासमोरच्या एका लहानशा तबकडीवर लागे. इंजिनाभोवतीं फिरणारें पाणी किती तापलें, हें तिचा कांटा सांगतो. रत्नागिरीकडून भरलेली गाडी आंबा घाट चढूं लागली, म्हणजे चालकाची नजर या कांट्यावर खिळे. कांटा खरें सांगत असेल तर गाडी थांबवून इंजीन वांचवितां येतें. तो खोटा निघाला तर दोन संकटें: निरोगी इंजीन उगाच खोलून खर्चांत पडावें, किंवा तापलेलें इंजीन थंड समजून हाकीत राहावें व माथें तडकून गाडी घाटांतच बसावी.

शेव्हरोलेटच्या गाड्यांत हा मापक यांत्रिक असे. इंजिनांत बसविलेल्या लहान तांब्या-पितळेच्या कुपींत ईथर हा द्रव असतो. तो सुमारें ९५ अंश फॅरनहाइटलाच उकळतो. पाणी तापतांच त्याच्या वाफेचा दाब केसासारख्या बारीक नळींतून तबकडीपर्यंत पोंचतो आणि तेथील वाकडी नळी किंचित् सरळ होऊन कांटा ढकलते. ही वाकडी नळी युजेन बूर्दों या फ्रेंच माणसानें १८४९ सालीं काढली. गाडीच्या हादऱ्यांनीं बारीक नळीस चीर पडली कीं वाफ निसटते आणि कांटा तळाशींच पडून राहतो.

फोर्डच्या आठ नळकांड्यांच्या इंजिनावरील विजेच्या मापकाची तऱ्हा उलटी. वीज वाहूं लागली कीं कांटा थंड बाजूस जाई, वीज थांबली कीं तप्त बाजूस येई. म्हणून तार तुटल्यास थंड इंजीन तापलेलें दिसे. आणि तार घासून उघडी पडून लोखंडास टेकल्यास तापलेलें इंजीन थंड दिसे. यांतील दुसरा दोष अधिक घातक.

जाणता मिस्त्री म्हणूनच कांट्यापूर्वीं इंजिनाची साक्ष घेई. पाणी पुरेसें आहे काय, पंख्याचा पट्टा घट्ट आहे काय, हें तो प्रथम पाही. पाणी कुपीच्या खालीं उतरलें असेल तर चांगला मापकही खोटें बोलतो. इंजीन निवल्यावरच झांकण उघडून तो पाण्यांत उष्णतामापक धरी. तापलेलें झांकण उघडणें म्हणजे उकळती वाफ अंगावर घेणें होय. विजेच्या मापकाची तार इंजिनाकडून सोडवून क्षणभर धातूस टेकविली आणि कांटा थंड बाजूस सरकला, तर तबकडी व तार शाबूत, दोष इंजिनांतील सूचकाचा. कांटा हललाच नाहीं, तर दोष तारेंत किंवा तबकडींत.

यांत्रिक मापकाची कुपी मात्र उकळत्या पाण्यांत बुडवून पाहावी लागते, आणि येथें कोल्हापुरानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. समुद्रकांठीं पाणी २१२ अंशांवर उकळतें. कोल्हापूर सुमारें १,८०० फूट उंचीवर असल्यानें येथें तें सुमारें २०९ अंशांवरच उकळतें. ज्यास हें ठाऊक नाहीं तो तीन अंश कमी दाखविणारा निर्दोष मापक सदोष ठरवील. बरोबरच्या मापकावर चुकीचा आरोप होण्याचें हें एक साधें कारण.

चिरलेली नळी नुसती झाळून काम होत नाहीं, कारण ईथर उडून गेलेला असतो. दुसऱ्या जुन्या मापकाची शाबूत कुपी मीठ-बर्फांत ठेवली, म्हणजे तिच्यांतील ईथर कुपींतच गोठल्यासारखा शांत बसतो. तेवढ्या अवधींत तिची नळी कापून जुन्या तबकडीस झाळतां येते. ईथर पेटणारा असल्यानें हें काम सावधपणाचें.

आज अशा गाड्या बहुधा हौशी मालकांच्या छपराखालीं उभ्या आहेत. त्यांचा कांटा तळाशीं पडला कीं इंजीन खोलण्याची घाई होते. त्याआधीं बर्फ, उष्णतामापक आणि पाण्याचें एक आधण चुलीवर ठेवलें, तर बहुतेक वेळां पुष्कळ पैसा वांचतो.