देवाची पाळी

घर वांटतां येतें, शेत वांटतां येतें; घरचा देव वांटतां येत नाहीं. म्हणून भाऊबंदांत पूजेच्या पाळ्या लागतात. कलकत्त्याच्या मलिक घराण्यांत एका वाटेकऱ्यानें आपल्या पाळींत देव स्वतःच्या घरीं नेण्याचा हट्ट धरला आणि तंटा विलायतेस प्रिव्ही कौन्सिलांत गेला. देव ही कोणींहि उचलून न्यावी अशी जंगम मालमत्ता नव्हे, त्याच्या हिताचाहि विचार झाला पाहिजे, असें कौन्सिलानें १९२५ सालीं ठरविलें.

धाराशिव जिल्ह्यांतील अणदूर आणि नळदुर्ग यांचा खंडोबा एकच, देवळें दोन. मूर्ति सुमारें सव्वादहा महिने अणदुरास व पावणेदोन महिने नळदुर्गास असते. देवाच्या कामीं कागद कशाला, असें कोणी म्हणेल. पण आलेला देव परत पाठवितांना भाविकांचेंहि मन अडखळतें. दोन्ही गांवांचे मानकरी लेखी करार करतात, आणि मगच पालखी हलते.