फटफटीच्या एंजिनाचा तोल

आगगाडीच्या वाफेच्या एंजिनाचें मोठें चाक ज्यांनीं जवळून पाहिलें असेल, त्यांना त्याच्या आऱ्यांमध्यें एका बाजूस चंद्रकोरीच्या आकाराचा जाड लोखंडी भाग आढळला असेल. तो शोभेसाठीं नसतो. चाक फिरविणाऱ्या दांड्यांचें व दट्ट्याचें वजन एका बाजूस पडतें. त्यास उत्तर म्हणून समोरच्या बाजूस हा प्रतिभार ठेवलेला असतो. या प्रश्नानें एकोणिसाव्या शतकांतील रेल्वेच्या अभियंत्यांस पुष्कळ सतावलें. प्रतिभार कमी पडला तर एंजिन पुढेंमागें हिसके देई; अधिक झाला तर चाक रुळांवर घणाचे घाव घाली. १९०२ सालीं डब्ल्यू. ई. डॅल्बी यांनीं एंजिनांच्या समतोलावर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथच प्रसिद्ध केला. त्याच सुमारास हा प्रश्न रूळ सोडून दोन चाकांच्या वाहनाकडे आला आणि तेथें तो अधिक बिकट झाला; कारण आगगाडीचे घाव रूळ सोसतात, मोटारसायकलचा हादरा स्वाराच्या हाडांस सोसावा लागतो.

दोन सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे तिरपे मांडण्याची युक्ति जर्मनींत गॉटलीब डाइमलर यांनीं १८८९ मध्यें योजिली. त्यांतील कोन अवघा १७ अंशांचा होता. पुढें अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथील इंडियन कारखान्यानें व १९०९ मध्यें मिलवॉकीच्या हार्ले-डेव्हिडसननें हीच मांडणी मोटारसायकलींत आणली. इंडियननें ४२ अंशांचा कोन रूढ केला, हार्लेनें ४५ अंशांचा. १९११ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टी. टी. शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक इंडियन गाड्यांनीं पटकाविले. अरुंद कोनाचें कारण साधें होतें. सायकलीच्या सांगाड्यावरून घडलेल्या या वाहनांत पुढच्या चाकामागें जेवढी जागा सांपडे, तेवढ्यांतच दोन सिलिंडर बसवावयाचे होते.

या एंजिनांत दोन्ही दट्ट्यांचे दांडे एकाच क्रँकपिनवर येतात आणि ती पिन दोन जड फ्लायव्हीलांच्या मध्यें पकडलेली असते. पिनीबरोबर वर्तुळांत फिरणाऱ्या वजनाची अडचण नसते. तेवढाच प्रतिभार समोर दिला कीं त्याचा हिशेब मिटतो. खरी अडचण दट्ट्यांची. दट्ट्या सरळ रेषेंत येजा करतो, प्रतिभार मात्र वर्तुळांत फिरतो. एकाच दट्ट्याच्या उभ्या एंजिनांत त्याच्या वजनाइतका प्रतिभार दिला, तर वरखालचा मुख्य हादरा मिटतो. पण तेवढाच हादरा आडव्या दिशेस उत्पन्न होतो.

दोन सिलिंडरांत ९० अंशांचा कोन असला, तर दोन्ही दट्ट्यांचे मुख्य हादरे मिळून पिनीबरोबर फिरणाऱ्या एकाच वजनासारखे वागतात आणि योग्य प्रतिभारानें ते शमतात. ४५ अंशांच्या कोनांत हें घडत नाहीं. दोन्ही दट्ट्यांच्या वजनाच्या निम्मा प्रतिभार दिला, तरी एका दट्ट्याच्या मुख्य हादऱ्याचा सुमारें सात दशांश भाग उरतोच. म्हणून अशा एंजिनाचा तोल साधणें म्हणजे हादरा नाहींसा करणें नव्हे. तो कोणत्या दिशेस वळवावयाचा, याचा निर्णय करणें होय. जुन्या हार्लेच्या बाबतींत दट्ट्यांच्या वजनाचा शेंकडा ६० च्या आसपास हिस्सा तोलण्याचा प्रघात आहे. त्यानें उभा हादरा घटतो, पण आडवा वाढतो.

हें काम कारागीर कसें करतो? प्रत्येक दांडा आडवा धरून त्याचें वरचें टोंक तराजूवर ठेवतो. त्या वजनांत दट्टे, त्यांच्या कड्या व पिना मिळवितो आणि ठरलेला हिस्सा काढतो. दांड्यांच्या खालच्या टोंकांचें वजन मात्र पूर्ण धरतो. एकूण येईल तेवढें वजन क्रँकपिनला टांगून तो फ्लायव्हील दोन समपातळींतील पोलादी धारांवर ठेवतो. जी बाजू घरंगळून खालीं येते ती जड. तेथें कडेजवळ छिद्र पाडावयाचें आणि पुन्हां पाहावयाचें. शेवटीं चाक कसेंही ठेवलें तरी स्थिर राहतें. छिद्र पाडणें सोपें. एकदां काढलेलें लोखंड परत बसविणें कठीण. म्हणून येथें घाई करणारा कारागीर कामाचा नव्हे.

दट्टे बदलले कीं हा सारा हिशेब बदलतो. आरंभींचे दट्टे ओतीव लोखंडाचे असत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे हलके दट्टे प्रचारांत येऊं लागले. जड दट्ट्यांसाठीं तोललेल्या फ्लायव्हीलांवर हलके दट्टे चढविले कीं पूर्वींचा प्रतिभार अधिक ठरतो. जुनी गाडी हौसेनें दुरुस्त करणाऱ्याची फसगत बहुधा येथेंच होते. नवे दट्टे, नवे बेअरिंग, चकचकीत रंग, सर्व कांहीं यथास्थित असतें. पण वेग वाढतांच बोल्ट ढिले होतात, पत्र्याचे सांधे तडकतात आणि दोष भलत्याच ठिकाणीं शोधला जातो.

अरुंद कोनानें वेगास बंदी केली नाहीं. १९४८ मध्यें बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉली फ्री यांनीं ५० अंशांच्या व्हिन्सेंट गाडीवरून ताशीं १५० मैलांचा वेग गांठला. पुढें इटलींत मोटो गुझीनें १९६७ मध्यें व डुकाटीनें १९७१ मध्यें ९० अंशांचीं एंजिनें बाजारांत आणलीं. हार्लेनें ४५ अंश सोडले नाहींत; २००० सालच्या कांहीं गाड्यांत मात्र हादरा शमविण्यासाठीं एंजिनांत दोन निराळे तोलदंड घातले. जुन्या गाड्यांस असा आधार नाहीं. त्यांचा सारा भरंवसा त्या दोन चाकांवर आणि त्यांत किती छिद्रें पाडावयाचीं, हें जाणणाऱ्या हातांवर आहे.