खरेदीच्या वहीतला इतिहास

लढाया आणि तह यांनी इतिहासाची पाने भरतात. कचेरीतल्या खरेदीच्या वहीकडे इतिहासकार सहसा वळत नाही. तरीही एखाद्या समाजाने आपल्या पाण्याची काय किंमत केली, हे कित्येकदा त्या वहीतच सापडते. जपानमधील शिगा प्रांताची हकीकत आम्हांला म्हणूनच मोलाची वाटते.

शिगाच्या मध्यभागी असलेले बिवा हे जपानमधले सर्वांत मोठे सरोवर. क्योटो-ओसाका परिसरातील सुमारे १ कोटी ४० लाख लोक त्याचे पाणी पितात. १९७७ च्या मे महिन्यात सूक्ष्मजीवांच्या बेसुमार वाढीने हे पाणी तांबूस झाले. कपडे धुण्याच्या पावडरीतला फॉस्फरस हे त्याचे एक कारण ठरले. म्हणजे सारा दोष कारखान्यांवर टाकून मोकळे होता येईना. तो घरोघरच्या मोरीतही होता. गृहिणींनी पुढाकार घेऊन साबणाच्या चुऱ्याचा प्रसार केला. राज्यपाल मासायोशी ताकेमुरा यांच्या कारकिर्दीत १९७९ साली अध्यादेश संमत झाला आणि १ जुलै १९८० पासून फॉस्फरसयुक्त पावडरीची विक्री, वापर, इतकेच नव्हे तर ती भेट देणेही निषिद्ध ठरले. सणावारी अशी पावडर भेट धाडण्याची रीत तेथे होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हा नियम किती घरात शिरला होता ते कळते.

परंतु बंदी ही सत्तेची नकाराची भाषा. लोकांना 'हे घेऊ नका' असे बजावणारे शासन स्वतः काय घेते? १९९४ साली शिगाने आपल्या खरेदीसाठी पर्यावरणाचे निकष ठरवले, ते या प्रश्नाचे उत्तर होते. १९९६ मध्ये हरित खरेदीचा देशव्यापी मंच उभा राहिला आणि २००० साली राष्ट्रीय कायदा झाला.

यातला लाभ केवळ नैतिक नव्हे. स्थानिक शासन हे मोठे आणि नियमित गिऱ्हाईक असते. त्याच्या खात्रीच्या मागणीवर उत्पादक नवी वस्तू बनवू धजतो. उत्पादन वाढले की दर उतरतो आणि ती वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात येते.

अर्थात, सारे सुफळ संपूर्ण झाले असे नाही. फॉस्फरसविरहित पावडरी बाजारात येताच साबणाची चळवळ ओसरली, आणि सरोवराची दुखणीही पुरती सरली नाहीत.

तरीही आपल्या नगरपालिकांनी या वहीत डोकवावे असे आम्हांला वाटते. आपल्याकडे निविदा उघडली की बहुधा सर्वांत कमी दराकडे बोट जाते. रस्त्यावरचा दिवा स्वस्तात मिळतो. पुढे वर्षानुवर्षे येणारे विजेचे बिल त्या दरपत्रकात नसते, आणि नदीत उतरणारा फेस तर कोणत्याच हिशेबात नसतो. तो हिशेब मांडायला शिगाला १९७७ च्या तांबड्या पाण्यापासून सतरा वर्षे लागली. आपल्या नद्यांपाशी तेवढा अवधी आहे काय, हा प्रश्न उरतोच.