पंधरा पिनांची मोजणी

1981 साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा जॉयस्टिक लावायची तर वेगळं कार्ड विकत घ्यावं लागे. कार्डावर दोन ओळींत 15 पिनांचं सॉकेट आणि 558 नावाची टायमर चिप. जॉयस्टिकच्या पोटात तर त्याहून कमी ऐवज. दांडा डावी-उजवीकडे हलला की एक पोटेन्शिओमीटर फिरतो, मागे-पुढे हलला की दुसरा. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे असतो तोच हा भाग; दुकानात नुसतं ‘पॉट’ म्हटलं तरी मिळतो. त्याचा रोध शून्यापासून 100 किलोओहमपर्यंत बदलतो. बटणं सोडली तर या दांड्याकडे कॉम्प्युटरला सांगण्यासारखं एवढंच होतं. आकडा वगैरे त्याने कधी पाठवलाच नाही.

आकडा तयार व्हायचा तो पलीकडे. प्रोसेसर कार्डाला इशारा द्यायचा, कार्डावरचा छोटा कपॅसिटर पॉटच्या रोधातून भरू लागायचा, आणि तो भरेपर्यंत प्रोसेसर सगळी कामं सोडून मोजत बसायचा. रोध कमी असला तर सुमारे 24 मायक्रोसेकंदांत काम व्हायचं, पूर्ण असला तर मिलिसेकंदाच्या थोडं वर जायचं. अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरने हीच युक्ती आधी वापरली होती. व्होल्टेज मोजणाऱ्या महागड्या चिपचा खर्च वाचला. काटकसर म्हणून मला ती आजही देखणी वाटते.

पण मोजायचं प्रोग्रॅमने, म्हणजे प्रोसेसर वेगवान झाला की तोच दांडा तेवढाच हलवूनही आकडा भलताच मोठा यायचा. खेळ सुरू करण्याआधी दांडा या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, त्या कोपऱ्यात न्या, पुन्हा दाबा, हे सोपस्कार त्यातूनच आले. 1989 पासून साउंड ब्लास्टर कार्डांवर हे सॉकेट फुकटात मिळू लागलं आणि घरोघरी पोचलं.

विमानाचे खेळ खेळणाऱ्यांची भूक मात्र वाढत होती. सॉकेटमध्ये जागा फक्त चार अक्ष आणि चार बटणांची. अंगठ्याने ढकलून कॉकपिटबाहेर चौफेर बघायची ‘हॅट’ कुठे बसवायची? थ्रस्टमास्टरने ती चौथ्या अक्षावर बसवली: प्रत्येक दिशेला वेगळा ठरावीक रोध. सीएच प्रॉडक्ट्सने हॅटची प्रत्येक दिशा म्हणजे अनेक बटणं एकदम दाबल्याची खूण ठरवली. त्यामुळे त्यांच्या दांड्यावर खरोखर दोन बटणं एकत्र दाबायची सोय उरली नाही. जुना दांडा आजच्या कॉम्प्युटरला जोडताना हे संकेत ठाऊक नसलेला कन्व्हर्टर मध्ये घातला, तर बाजूला बघायला जावं आणि बंदूक सुटावी, असा प्रकार होतो.

1995 मध्ये मायक्रोसॉफ्टची साइडविंडर थ्रीडी प्रो आली. तिने पॉट काढून टाकून प्रकाशाने मोजायला सुरुवात केली आणि त्याच 15 पिनांतून तयार आकडे पाठवले. पुढच्याच वर्षी यूएसबी आलं आणि मोजणी कायमची दांड्यातच गेली. व्हिस्टापासून विंडोजने जुन्या सॉकेटची साथ सोडली. जुन्या दांड्यात काही बिघडलं नव्हतं. त्याच्या वतीने मोजणारं कुणी उरलं नाही.

जुना दांडा आज यूएसबीला लावायचा, तर काही साइडविंडर जॉयस्टिकसाठी मिळणारा यूएसबी कन्व्हर्टर पाहून लोक फसतात. त्यात नुसत्या तारा आहेत, यूएसबीची अक्कल जॉयस्टिकमध्येच असते. दुसरा कुठलाही दांडा त्याला लावला तर काहीही होत नाही.

म्हणून हौशी मंडळी एटीमेगा 32यू4 चिपचा छोटा बोर्ड आणतात. ही चिप कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सरळ यूएसबी जॉयस्टिक म्हणून करून देते, आणि व्होल्टेज 0 ते 1023 आकड्यांत मोजते. बोर्ड आणि सॉकेट मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ शोधावं. गोम पुढेच आहे. पॉटला पाय तीन, पण जुन्या जॉयस्टिकमध्ये तार जोडलेली दोनांनाच. एकाला 5 व्होल्ट, मधल्यातून सिग्नल बाहेर. व्होल्टेज मोजायचं तर सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये बाहेरून रेझिस्टर घालावा लागतो. तो 100 किलोओहमचा घेतला तर एका टोकाला 1023 येतात, दुसऱ्या टोकाला 512. मध्यावर यायला हवेत 767, येतात 682. विमान हात न लावता एका अंगावर कलतं.

सॉफ्टवेअरने हा बाक सरळ करता येतो, पण मला ती मलमपट्टी वाटते. बूड उघडून पॉटचा रिकामा तिसरा पाय ग्राउंडला डकवावा, म्हणजे आकडे सरळ रेषेत येतात. दांडा जपायचा असेल, उघडायचा नसेल, तर कपॅसिटर लावून तो भरायला लागणारा वेळच मोजावा: 1981 ची रीत, फक्त आता ते काम त्या बोर्डाकडे. यातलं काहीही करण्याआधी पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून तो दहा-वीसदा फिरवावा. झिजलेल्या कार्बनच्या पट्टीवर आकडे नाचतात, आणि दोष बिचाऱ्या बोर्डाला मिळतो.

सगळ्यात हट्टी निघाली ती 1997 ची साइडविंडर फोर्स फीडबॅक प्रो. हिच्यात हाताला धक्के देणाऱ्या मोटरी आहेत, आणि त्यांना हुकूम मिळायचे ते साउंड कार्डाच्या मिडी पिनेवरून, म्हणजे सिंथेसायझरला सूर धाडायच्या वाटेने. त्यामुळे कन्व्हर्टरला दांडा वाचून भागत नाही, साउंड कार्डाचं सोंगही घ्यावं लागतं. हौशी लोकांनी टीन्सी 2.0 बोर्डासाठी तसा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांना खुला ठेवला आहे. मोटरींना वीज मात्र वेगळी लागते; जुना नग अमेरिकेतून मागवलात तर प्लग लावण्याआधी बुडावरच्या लेबलातलं व्होल्टेज वाचा.