लोपलेल्या अक्षराची खूण

भाषांतराच्या तासाला आम्ही एक इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचले. त्यात 'बॉइज रूम' असे शब्द आले आणि एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मुलाची खोली की मुलांची?" कानाला उत्तर सापडत नव्हते, ते कागदावर होते. अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी असेल तर मुलगा एक, नंतर असेल तर अनेक. नियम सांगून आम्ही पुढे गेलो. पण एवढा अर्थभेद उच्चारात नसलेल्या चिन्हावर का सोपवला गेला, हा प्रश्न उरलाच.

जुन्या इंग्रजीत संस्कृतप्रमाणे विभक्तिप्रत्यय होते. पुष्कळशा नामांच्या षष्ठी एकवचनाला 'ई' आणि 'एस' या अक्षरांचा प्रत्यय लागे. चॉसरच्या काळी 'किंगेस' म्हणजे राजाचा. पुढे त्यातील 'ई'चा उच्चार बहुतेक ठिकाणी लोपला. सोळाव्या शतकात फ्रेंच मुद्रणाच्या प्रभावाने अपॉस्ट्रॉफी आली, ती अशा गळलेल्या अक्षराची खूण म्हणून. तरीही १६२३च्या फोलिओत शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'चे शीर्षक तिच्याविनाच छापले गेले. एकवचनात ती रूढ झाली सतराव्या शतकाच्या अखेरीस.

या रूढीला एका गैरसमजाचेही बळ मिळाले. 'राजा त्याचा वाडा' अशा धर्तीची रचना तेव्हा प्रचलित होती. बेन जॉन्सनच्या १६०५ साली छापलेल्या नाटकाचे नावच 'सिजेनस हिज फॉल'. त्यामुळे हा 'एस' म्हणजे 'हिज'चा संक्षेप, असे अनेकांनी मानले. १७५५च्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी ते खोडले: तसे असते तर स्त्रीवाचक नामांना तो कसा लागला असता? उपपत्ती गेली, चिन्ह राहिले.

अनेकवचनातील 'एस'नंतरची अपॉस्ट्रॉफी तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावली. तेथे गळलेले अक्षर दाखवायचे नव्हते. एकाचे की अनेकांचे, हे डोळ्याला कळावे, एवढेच प्रयोजन. 'मेन', 'चिल्ड्रेन' यांच्या अंती 'एस' नाही, म्हणून तेथे एकवचनाचीच रीत चालते.

मराठीत हेच काम एक अनुस्वार करतो: 'मुलाची', 'मुलांची'. घाईच्या लेखनात तोही गळतो आणि अनेकांचा एक होतो. आम्ही दोन्ही चुकांवर वर्षानुवर्षे लाल शाई ओढली. ज्या नियमाचे वय जेमतेम अडीचशे वर्षे, तो अनादि असल्यासारखा शिकवला, ही चूक मात्र आमची. पुढच्या तासाला त्या विद्यार्थिनीला नियमाआधी हा इतिहास सांगायचा, असे आम्ही ठरवले आहे.