बर्फाची पकड आणि तिची सोडवणूक



डीप फ्रीझर म्हणून जी मोठी पेटी असते, तिच्या तळाशीं एखादें पुडकें चिकटून बसावें आणि कांहीं केल्या निघूं नये, हा अनुभव आतां बुलढाणा, खामगांव, मलकापूर येथील गृहिणींना व दुकानदारांना नवा राहिलेला नाहीं. अशा वेळीं हात सहज सुरीकडे किंवा सळईकडे जातो. तो मोह टाळावा, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. परंतु तो कां टाळावा, हें कळण्यासाठीं बर्फाचा थोडासा इतिहास पाहणें अवश्य आहे.

बर्फाला बर्फ चिकटतो, ही गोष्ट वऱ्हाडांत कोणास शिकवावी लागत नाहीं. उन्हाळ्याच्या तोंडाशीं गारा पडल्या म्हणजे मुलें त्या वेंचून वाटींत भरतात आणि पाहतां पाहतां त्यांचा एकच गोळा होतो. आमच्या भागांत गारांचें भय इतकें जुनें आहे कीं, त्या शेतांवरून परतवून लावणें हेंच ज्यांचें काम मानलें जाई, अशी गारपगारी नांवाची एक निराळी जात येथें होती. रसेल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतांतील जातींवरील ग्रंथांत तिची नोंद आहे.

चिकटण्याच्या या गुणाचा माणसानें आधीं उपयोग करून घेतला. सर रॉबर्ट बार्कर यांनीं १७७५ मध्यें अलाहाबादेकडील बर्फ करण्याची देशी रीत वर्णिली आहे. मोकळ्या मैदानांत उथळ खड्डे खणून त्यांत उंसाचीं किंवा मक्याचीं वाळलेलीं ताटें पसरीत, त्यांवर मातीचीं परळें ओळीनें मांडीत आणि सायंकाळीं त्यांत पाणी भरीत. थंडीच्या निरभ्र रात्रीं त्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरे. सूर्योदयापूर्वीं मजूर तो गोळा करून, गवत व जाड कांबळीं लावलेल्या एका खोल खड्ड्यांत टाकीत आणि धुमसानें ठोकीत. ठोकतां ठोकतां त्या पापुद्र्यांचा एकसंध खडक बने व तो उन्हाळ्यांत कामीं येई. येथें बर्फ चिकटावा हीच इच्छा होती.

पुढें हाच गुण व्यापाऱ्यांस नडूं लागला. बोस्टनचे फ्रेडरिक ट्यूडर यांनीं १८३३ सालीं ‘टस्कनी’ जहाजांतून १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांपैकीं सुमारें १०० टन शिल्लक उरला. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेचा बर्फ मुंबईसहि येऊन पोहोंचला. तळ्यावरील बर्फ घोड्यांनीं ओढलेल्या खास नांगरानें चौकोनी लाद्यांत कापीत. लाद्या एकमेकींना जुळून एकजीव झाल्या, तर उतरवितांना त्या फोडाव्या लागत. म्हणून त्यांच्यामध्यें लांकडाचा भुसा भरीत. भुशानें उष्णता तर अडेच, शिवाय लाद्याहि सुट्या राहत. यंत्रावर केलेला बर्फ मिळूं लागल्यावर हा व्यापार बसला, पण भुसा राहिला. माझ्या लहानपणींसुद्धां बर्फाची लादी भुशांत व गोणपाटांत गुंडाळूनच येई.

या चिकटण्याचें मर्म मायकेल फॅरडे यांनीं १८५० मध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मांडलें. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अत्यंत पातळ थर असतो. दोन तुकडे एकमेकांस टेकले म्हणजे हा थर दोहों बाजूंनीं बर्फानें वेढला जातो व गोठून त्याचा सांधा होतो. फ्रीझरमधील प्रकार याहून सोपा आहे. वीज बराच वेळ गेली म्हणजे आंतील हिम वितळतें, पाणी तळाशीं उतरतें, आणि वीज आली कीं तेंच पाणी पुडकें व तळ यांच्यामध्यें सरसाप्रमाणें धरतें.

आतां थोडें गणित पाहूं. एक किलो बर्फ वितळविण्यास सुमारें ८० किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक मिलिमीटर जाड अशा थरांत बर्फ असतो अवघा ८५ ग्रॅम. त्याला सात-आठ किलोकॅलरी पुरेत. उलट, एक लिटर पाणी ५० अंशांवरून २० अंशांवर निवतांना ३० किलोकॅलरी सोडतें. त्यांतील बरीचशी उष्णता इकडेतिकडे गेली, तरी काम भागतें. सबंध पुडकें वितळविण्याचें कारणच नाहीं. कुलफीवाला हें गणित न मांडतांच जाणतो. मीठ-बर्फांतून काढलेला साचा तो क्षणभर पाण्यांत बुडवितो, दोन्ही तळव्यांत फिरवितो, आणि कुलफी अखंड बाहेर येते.

घरीं हीच युक्ति करावी. प्रथम बटण बंद करून प्लग काढावा व सुटे जिन्नस गोधडींत गुंडाळून ठेवावे. अडलेल्या पुडक्यालगत ऊन पाण्याचें भांडें ठेवून झांकण लावावें, आणि पाणी निवलें कीं तें बदलावें. कडा सुटूं लागल्या म्हणजे लांकडी उलथण्यानें हलकेंच रेटावें. मग तळ कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावा, नाहीं तर तेंच पाणी पुन्हां सांधा धरील. पुढें तळाशीं एखादी जाळी ठेवली तर ही वेळच येणार नाहीं. जें अन्न पूर्ण वितळून कोमट झालें असेल, तें मात्र पुन्हां गोठवूं नये.

सुरी-सळई कां नको, तेंहि ऐका. पुष्कळ पेट्यांत थंडी करणाऱ्या नळ्या आंतल्या पत्र्याच्या लगत पाठीमागें असतात. तेथें भोंक पडलें कीं आंतील वायु निघून जातो आणि हजारों रुपयांची पेटी एका ठोक्यानें निकामी होते. शिवाय हल्लीच्या अनेक पेट्यांत आयसोब्युटेन वायु असतो, आणि तो ज्वालाग्राही आहे. शेरभर मटारासाठीं एवढें संकट कोण ओढवून घेईल?

बर्फ जोडावयाचा तर ठोकावा, सोडवावयाचा तर ऊब द्यावी. अडीचशें वर्षांच्या या हकीकतीचें तात्पर्य एवढेंच आहे.