जीर्णोद्धार

मोटारीने पुढच्या दिशेला जावं, एवढीच माझी तिच्याकडून माफक अपेक्षा असते. अडचणीच्या वेळी मागे गेली तरी चालेल. आडवं जाणं हे खेकड्याचं काम. त्यामुळे आमचा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, ही गाडी मला आडवी चालवायचीय," तेव्हा अमेरिकेत पंधरा वर्षं काढून पोराचं मराठी बिघडलं, असंच मला वाटलं.

त्या उन्हाळ्यात मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात त्याच्याकडे तीन महिने मुक्कामाला होतो. गाडी गॅरेजात होती. १९६७ सालची फोर्ड मस्टँग. मस्टँग म्हणजे तिकडचा रानघोडा. गॅरेजवाले ज्यांना घोड्या म्हणतात त्या चार लोखंडी टेकूंवर हा घोडा उभा होता. या गाड्यांना एक जन्मजात रोग असतो. पुढच्या काचेखाली हवा आत घेणारी जी खोबण असते, तिच्यात पाणी साचतं, आतल्या आत झिरपतं आणि पायाखालचा पत्रा खातं. भाच्याने कौतुकाने गाडीतला गालिचा उचलून दाखवला, तेव्हा खालची फरशी दिसली. गाडीची नव्हे, गॅरेजची.

"क्लासिक आहे, मामा," तो म्हणाला. मी मान डोलावली. परदेशात पाहुण्याने मान डोलावत राहावं.

या जातीच्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. म्हणजे दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारी गाडी. तिच्या जन्माची कथा मला फार आवडली, कारण तीत इंजिनिअरिंगपेक्षा कारकुनी अक्कल जास्त आहे. जनरल मोटर्सचा एक नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिॲकवाल्यांना, म्हणजे जॉन डीलोरियन आणि मंडळींना, ३८९ घनइंचांचं बसवायचं होतं. त्यांनी काय केलं? १९६४ च्या 'टेंपेस्ट' गाडीला हात लावला नाही. फक्त जादा सोयींच्या यादीत 'जीटीओ' नावाची एक सोय घातली. नियम गाडीला होता, यादीला नव्हता! हा शोध लावायला मुरलेला हेडक्लार्कच लागतो. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

मस्टँगचा जन्म त्याच वर्षीचा. १७ एप्रिल १९६४, न्यूयॉर्कचं जागतिक प्रदर्शन. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी २२,००० गाड्यांची मागणी नोंदली गेली आणि दोन वर्षांत दहा लाखावी गाडी बाहेर पडली. सोवळ्यातले लोक मात्र मस्टँगला मसल कार मानत नाहीत. ती 'पोनी कार', म्हणजे तट्टू. अठरापगड जाती मोटारींतही आहेत, हे कळून मला उगाच बरं वाटलं. खरी गंमत पुढेच आहे. आतून ही मस्टँग म्हणजे फोर्डची 'फाल्कन' नावाची साधीसुधी गृहस्थी गाडी. सांगाडा बराचसा तोच, वर झगझगीत शालू. भाच्याची गाडी तर सहा सिलिंडरची, म्हणजे शालूही सुतीच.

या सगळ्या गाड्यांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातं. त्यांना वळता येत नाही. अवाढव्य इंजिन पुढे, मागे आपल्याकडच्या ट्रकला असतात तशा पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि स्टीअरिंग असं, की ताक घुसळल्यासारखं फिरवत राहावं तेव्हा कुठे चाकांना बातमी पोचते. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत बोंब ठोकत सुटायचं, एवढंच त्यांचं काम. तो रस्ता सरळ होता म्हणून ही संस्कृती वाढली, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या पुण्याच्या पेठांत ती पहिल्या बोळातच संपली असती.

संपली ती तिकडेही. १९७० मध्ये धुराचा कायदा आला, विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरबांनी तेलाचा नळ बंद केला. १९७४ ची मस्टँग आली तीत आठ सिलिंडरचं इंजिनच नव्हतं! बेटकुळी सुकली. आणि दारात जपानी गाड्या येऊन उभ्या राहिल्या: लहान, स्वस्त, थेंबभर पेट्रोल पिणाऱ्या.

याच जपानात आडवं जाण्याची विद्या निघाली. तिला 'ड्रिफ्टिंग' म्हणतात. मागच्या चाकांनी जाणूनबुजून रस्त्याची पकड सोडायची, गाडीचा पार्श्वभाग बाहेर फेकायचा, पुढची चाकं वळणाच्या उलट्या बाजूला धरायची आणि ॲक्सिलरेटरवरच्या पायाने तो तोल वळण संपेपर्यंत सांभाळायचा. कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूने सत्तरच्या दशकात शर्यतीत हे सुरू केलं. केइची त्सुचिया नावाच्या तरुणाने ते घाटातल्या रस्त्यांवर नेलं, आणि १९८७ मध्ये त्याची व्हिडिओफीत निघाली तेव्हा पोरं वेडी झाली. त्याची गाडी कुठली? टोयोटाची, अवघ्या १.६ लिटर इंजिनाची. २००० च्या सुमारास याच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या, २००४ पासून अमेरिकेतही. त्यांत वेळेला गुण नाहीत. गाडी किती तिरकी झाली, कुठल्या रेषेवरून गेली आणि कोणत्या ऐटीत गेली, याला गुण. म्हणजे शर्यत कमी आणि लावणीची अदाकारी जास्त.

२००६ मध्ये 'टोकियो ड्रिफ्ट' नावाचा हॉलिवुडपट आला. त्यात १९६७ च्या मस्टँगमध्ये चक्क निस्सानचं इंजिन बसवून ती जपानच्या घाटात आडवी पळवलेली आहे. (गळ टाकून बसलेला एक कोळी त्यात नायकाच्या ड्रिफ्टिंगवर शेरे मारतो, तो खुद्द त्सुचिया.) आमच्या भाच्याच्या डोक्यात जे शिरलं ते इथून. त्यालाही निस्सानचंच इंजिन हवं होतं.

इथे शेजारी प्रवेश करतो. माझ्याच वयाचा, म्हणजे म्हातारा. रोज संध्याकाळी घडीची खुर्ची घेऊन गॅरेजच्या तोंडाशी बसायचा. तरुणपणी तो फोर्डच्या डिअरबॉर्नच्या कारखान्यात होता. मस्टँगला दारं बसवायचा. पहिल्या दिवशी त्याने गाडीचा नंबर वाचला. त्यात 'एफ' हे अक्षर होतं, म्हणजे गाडी डिअरबॉर्नची. मग त्याने डावं दार उघडलं, लावलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "माझं असू शकतं."

निस्सानचं नाव ऐकल्यावर मात्र त्याने खुर्ची मिटली आणि तो निघून गेला. मला वाटलं, रुसला. भाचा म्हणाला, "मामा, हे गाव वेगळं आहे." ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. लोक जपानी गाड्या भर चौकात घणाने फोडत. १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या तरुणाला मोटारधंद्यातल्या दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारलं, आणि तो गेला. राग जपान्यांवरचा, माणूस चिनी वंशाचा. मारणाऱ्यांना प्रोबेशन आणि ३,००० डॉलर दंड झाला, तुरुंग नाही. आमचा भाचा काही जपानी दिसत नाही. पण चिनही जपानी नव्हता.

चार दिवसांनी शेजारी परत आला. भाचा आत होता. मलाच म्हणाला, "मीही एकदा घण मारलाय. टोयोटा होती. खांदा आठवडाभर दुखला." मग बराच वेळ गप्प. उठताना म्हणाला, "त्याला सांग, गाडी त्याची आहे. हवं ते इंजिन बसव म्हणावं."

एवढ्या मोठ्या मनाने दिलेली परवानगी वाया गेली. भाचेसुनेने खर्चाचा कागद पाहिला आणि दुसऱ्याच शनिवारी भंगारातल्या एका मस्टँगचं पाच लिटरचं जुनं फोर्ड इंजिन घरी आलं. जगातले पुष्कळ आंतरराष्ट्रीय प्रश्न असेच सुटत असावेत.

मग कापाकापी सुरू झाली. पाट्यांच्या स्प्रिंगा गेल्या. मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरावीत म्हणून डिफरन्शियल वेल्डिंगने जखडून टाकलं. (ते वळणावर चाकांना वेगवेगळं फिरू देतं, आणि आपल्याला तर घसरायचंच असतं!) चाकं अधिक वळावीत म्हणून स्टीअरिंगची सगळी जोडणी बदलली. डॅशबोर्डखाली छत्रीच्या मुठीसारखा मूळ हँडब्रेक होता. तो काढून हातभर उंचीचा हायड्रॉलिक दांडा बसवला. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा.

मला हे बघवेना. आमच्या गावच्या शंकराच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा काळ्या दगडावर ऑइलपेंट फासून गाभाऱ्याला न्हाणीघराच्या टाइल्स लावल्या होत्या. तेव्हापासून जीर्णोद्धार म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी म्हटलं, अरे, मूळ होती तशी कर की! तसे करणारेही तिकडे आहेत. ते कारखान्यातल्या कामगाराने पत्र्यावर ओढलेल्या खडूच्या खुणासुद्धा पुन्हा काढतात. हे ऐकून शेजारी इतका हसला, की खुर्ची कलंडली. "ती खूण मी सुपरवायझरच्या शिव्या चुकवायला करायचो!" दुसऱ्या टोकाला केन ब्लॉक. २०१४ मध्ये त्याने १९६५ ची मस्टँग ८४५ अश्वशक्तीची करून, चारही चाकांना जोर देऊन लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर गरागरा फिरवली. तीत १९६५ चं कितीसं उरलं होतं, देव जाणे. २०२३ मध्ये ब्लॉक बर्फावरच्या अपघातात गेला. ती फिरकी मात्र पोरं अजून बघतात.

शेवटी भाच्याला वजन कमी करण्यासाठी फायबरग्लासची दारं हवीशी वाटली. तेव्हा शेजारी एकच वाक्य बोलला, "दारं ठेव." या वेळी 'गाडी त्याची आहे' वगैरे नाही. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी प्रथमच मान डोलावली नाही, मोठ्याने म्हटलं, "ठेव."

मी परतण्याच्या आधीच्या रविवारी गावाबाहेरच्या एका ट्रॅकवर गाडी नेली. पहिल्या फेरीत ती गरकन फिरून उलटीकडे तोंड करून थांबली. दुसऱ्या फेरीतही तेच. पाचव्या फेरीला जमलं. पांढऱ्या धुराचा लोट, जळक्या रबराचा वास, आणि त्यातून तो घोडा नाक एकीकडे आणि चाल दुसरीकडे असा, अख्खं वळण आडवा गेला. शेजारी त्या वेळी आत होता, भाच्याशेजारी, हेल्मेट घालून. मला विचारलं होतं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

गाडी थांबली. म्हातारा पिंजऱ्याच्या नळ्यांतून कसाबसा बाहेर आला. हात थरथरत होते. हेल्मेट काढून त्याने गवतावर ठेवलं. मग गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला, भाच्याला खाली उतरायला लावलं, दार पूर्ण उघडलं आणि लावलं. कान देऊन ऐकलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.